टाळाची दोरी सुटते तेव्हा : सगळ्यांना सामावणारा संगीतगट सुरू करताना

पहिल्या रविवारी मी बारा जोड टाळ घेऊन गेले होते. भजनी मंडळात वापरतात तेच, पितळी, जाड दोरीचे. सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आईबरोबर आली होती, वय असेल चौदा. तिच्या हातात जोड दिला की दोरी बोटांतून सुटायची, टाळ फरशीवर आपटायचा, आई उचलून परत द्यायची. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी म्हटलं, "असू दे गं, तू आज नुसती ऐक."

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मी घरी गेले, तर तिची आई म्हणाली, "बाई, ऐकायचंच तर आमच्याकडे टीव्ही आहे की."

खरं होतं. तेव्हापासून दर रविवारी गट पांगला की मी वहीत एकेका माणसापुढे एकच प्रश्न लिहिते : हा आज आला नसता तर गाण्यात काय कमी पडलं असतं? उत्तर 'काहीच नाही' असेल तर चूक माझी, त्याला काम मिळालेलं नाही. सांगलीत किंवा आजूबाजूला कुणाला असा गट काढायचा असेल तर खालचं सगळं या एका प्रश्नाच्या अनुषंगानं वाचावं. गायनात विशारद असण्याची गरज नाही. पेटीवर सा धरता येतो आणि आठ मात्रा चुकत नाहीत, एवढं पुरतं.

माणसं जमवताना

आठ-दहा जणांपासून सुरुवात करा. पहिल्याच दिवशी पंचवीस आले तर कुणाचंच तोंड नीट बघून होत नाही. आणि फक्त अपंग माणसांचा गट काढू नका. आमच्यात व्हीलचेअरवरचा एक तरुण आहे, पक्षाघातातून उठलेले एक काका, दोन स्वमग्न मुलं, ऐकू न येणारी एक मुलगी, तसंच पलीकडच्या गल्लीतल्या दोन शाळकरी बहिणी, एक रिक्षावाले दादा आणि बागेतल्या कट्ट्यावर बसणाऱ्या तीन आज्याही. कोण कुणाला मदत करतंय हे बाहेरच्याला चटकन ओळखू येऊ नये असं मिश्रण जमलं की बरं पडतं.

माणसं मिळतात कुठे? विशेष मुलांच्या शाळा, फिजिओथेरपिस्ट, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आणि भजनी मंडळं. भजनी मंडळात तर जाच. तिथे असा एखादा तरी पखवाजवाला असतो, ज्याच्या हाताला आता कंप सुटतो आणि जो त्या लाजेनं मागच्या रांगेत जाऊन बसलेला असतो.

बोलावताना 'मोफत संगीतोपचार' असलं काही लिहू नका. उपचार हा शिकलेल्या लोकांचा वेगळा व्यवसाय आहे. शिवाय तो शब्द वाचून आईबाप 'किती महिन्यांत बोलायला लागेल' असं विचारत येतात, त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं. 'रविवारी चार वाजता मिळून गातो-वाजवतो, या' एवढं बास. सर्टिफिकेट मागू नका. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत, सरकारी कामाला ती यादी लागते. आपल्याला फक्त चार गोष्टी विचारायच्या आहेत, त्याही फोनवर, सगळ्यांसमोर नाही : याल कसे, मोठ्या आवाजाचा त्रास होतो का, फिट येते का, आणि घरी काय ऐकायला आवडतं. 'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग', हेही ज्याचं त्यालाच विचारावं. आमच्यातल्या दोघांना पहिला शब्द आवडत नाही.

एक आडवळण. आंधळा माणूस दिसला की आपण त्याला पेटीपाशी बसवतो. यात आपल्या मुलखाच्या इतिहासाचा हात आहे. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणलं, शाळेचं शिक्षण अवघड झालं आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गोष्ट मोठीच आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या एका अंध मुलाला सुरात गायचं नाहीये, त्याला हलगी हवीय. जोरात. तर हलगी.

ग्रामीण भागातून येणाऱ्यांना एसटीच्या सवलतीची आठवण करून द्या. अपंगांना तिकिटात सूट आहे, बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. तासगावहून येणाऱ्या आमच्या आजींना हे माहीत होतं. त्यांच्या सुनेला नव्हतं.

जागा

तळमजला हवा आणि संडास हवा. बाकी सगळं नंतर. हॉल बघायला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या एकाला बरोबर न्या, कारण 'एकच तर पायरी आहे' हे वाक्य प्रत्येक हॉलचा माणूस म्हणतो. उताराचा हिशेब सोपा आहे, एकास बारा : सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबीची फळी लागते. तीन फुटांची तिरकी फळी टाकली तर वर जाताना ढकलणारा दमतो आणि उतरताना बसलेला घाबरतो. दार निदान तीन फुटी असावं. संडासाचं दार मोजायला विसरू नका, हॉलचं ऐसपैस असतं आणि तिथलं दोन फुटी निघतं.

देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, आम्हीही तिथूनच सुरुवात केली. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे चपला. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावणाऱ्याचा बूट हा त्याच्या पायाचाच भाग असतो, तो काढला की माणूस उभा राहू शकत नाही. विश्वस्तांशी आधी बोलून ठेवावं, दाराशी ओलं फडकं ठेवून बूट आणि चाकं पुसून घेतली की बहुतेकांची हरकत नसते. दुसरी अडचण बोलून दाखवली जात नाही : दुसऱ्या धर्माची माणसं देवळात यायला कचरतात. म्हणून वर्षभरात आम्ही शाळेच्या एका वर्गात गेलो.

सतरंजी घालू नका. खाली बसणारे आणि खुर्चीवरचे अशी दोन गावं होतात, आणि सतरंजीच्या काठात चाक अडकतं ते वेगळंच. सगळ्यांनी खुर्च्यांवर, गोल करून बसावं, व्हीलचेअरसाठी मधे जागा सोडावी. पत्र्याचं छप्पर असेल तर जागा नाकारा, टाळाचा आवाज तिथे कानात घुसतो. आणि वाद्यं ठेवायला कपाट मिळालं तर ते वरच्या मजल्यावर बघा. हे सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. भिजलेल्या ढोलकीचं पान बदलता येतं, भिजलेली पेटी कामातून जाते.

वाद्यं : इथे वेळ घालवा

त्या मुलीकडे परत येते. तिला उजव्या मनगटाची हालचाल चांगली जमते, मूठ मिटत नाही एवढंच. मग रुंद वेल्क्रोच्या पट्टीवर घुंगरं शिवून घेतली आणि ती पट्टी मनगटाला बांधली. धरण्याचा प्रश्नच संपला. हात हलला की आवाज. आता कामाचा भाग पुढे होता. नुसतं कधीही हलवायचं नाही, समेवर हलवायचं. तिला आठ मात्रांतली पहिली पकडायला सहा रविवार लागले. सातव्या रविवारी ती सर्दीनं आली नाही आणि सम इतकी बोडकी वाटली की रिक्षावाले दादा म्हणाले, "आज फोडणीच नाही पडली."

अशा युक्त्या बाजारात तयार मिळत नाहीत, पण सामान मिळतं. पकड कमजोर असेल तर टिपरीला किंवा डफाच्या काठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, जाडी वाढते आणि घसरत नाही. सायकलवाला ट्यूब फुकट देतो. चिपळ्या टाळा, बोटांत नीट धरल्या नाहीत तर वाजतच नाहीत. डफ मांडीवर धरता येत नसेल तर खुर्चीच्या पाठीला बांधा. ढोलकी स्टुलावर आडवी, दोन्ही बाजूंना विटा, वर टॉवेल.

पेटीचं सांगते. पेटी हे दोन हातांचं वाद्य, एका हातानं भाता, एका हातानं पट्ट्या. काकांचा डावा हात पक्षाघातानं गेला, म्हणून त्यांनी घरची पेटी माळ्यावर टाकली होती. आम्ही ती उतरवली, त्यांच्या डावीकडे काकूंना बसवलं आणि भाता त्यांच्याकडे दिला. पहिल्या दिवशी दोघांचं भांडण झालं. "हळू मार गं, सूर फुगतोय." "मग तुम्हीच मारा." तिसऱ्या-चौथ्या खेपेला काकू त्यांच्या खांद्याकडे बघून भाता मारायला लागल्या, ओळ संपताना खांदा किंचित खाली येतो म्हणून. नव्या माणसाला पेटीवर बसवायचं असेल तर लागणाऱ्या चार-पाच पट्ट्यांवरच रंगीत टिकल्या चिकटवा. कागदावर त्याच रंगांचे ठिपके काढले की नोटेशन तयार. अंध माणसासाठी टिकलीऐवजी खडबडीत कापडाचा तुकडा, तोही फक्त सा आणि प वर.

तंबोरा परवडत नाही म्हणून लोक मोबाईलवर लावतात, तेही चालेल. पण मिरज वीस मिनिटांवर असताना एकदा खरा तंबोरा मिळवाच, जुना असला तरी चालेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून हे सतारमेकर झाले, अजूनही पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांवर काम करतात. वापरलेला तंबोरा, जवारी काढून (म्हणजे तारांचा झणकार नीट लावून), त्यांच्याकडे मिळू शकतो. आपली अडचण सांगितली तर तंबोरा आडवा ठेवायची लाकडी घोडीही बनवून देतात. आमची तशीच बनली. आडव्या तंबोऱ्यामुळे खांद्यावर तोल सांभाळावा लागत नाही.

तंबोऱ्याला तालाशी घेणंदेणं नाही. पंचमाची (प) तार, मग षड्जाची (सा) जोडी, मग खर्ज (खालचा सा), पुन्हा पंचम. घाई केली की बिघडतं. आमच्यातला एक स्वमग्न मुलगा कुणाशी बोलत नाही, टाळ वाजले की कान झाकतो, पण या चार तारा एकाच चालीत अर्धा तास छेडतो. असा तंबोरा मला स्वतःला जमत नाही, पाचव्या मिनिटाला माझं लक्ष जातं. ऐकू न येणारी मुलगी त्याच्या समोर बसते, भोपळ्यावर पालथा तळवा ठेवून. खर्जाची तार लागली की तिची भुवई हलते. तिथून ती ढोलकीच्या खोडावर दुसरा हात ठेवून ताल घेते आणि पायानं फळीवर धरते. फळी पोकळ हवी, खाली विटा ठेवून उचललेली, म्हणजे बाकीच्यांच्या ठोक्यांची थरथर तिच्या पायापर्यंत पोचते.

सूर, ताल आणि गाणं

पेटीवरच्या ज्या पट्टीला सा मानून गातात ती बायकांची साधारण काळी चार-काळी पाच, पुरुषांची काळी एक-काळी दोन. एकत्र गाताना कुणी तरी किंचाळतं किंवा कुणाचा तरी आवाज पोटात जातो. यावर माझा उपाय : काळी एक धरा आणि सा ते ध एवढ्यातच फिरणारी चाल निवडा. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, दोघांनाही झेपतं. तार सप्तकात जाणारं आवडतं गाणं घरी म्हणा.

ताल दोनच ठेवा. केरवा, आठ मात्रांचा : धा गे ना ती न क धि न. दादरा, सहा मात्रांचा : धा धी ना धा ती ना. पहिले तीन महिने आम्ही दादऱ्याला हातही लावला नाही. लय मात्र सगळ्यात हळू माणसाच्या हातानं ठरवायची, म्हणजे गटाला त्याच्या मागे चालावं लागतं. ढोलकीवाल्याला हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

शब्द पाठ होत नाहीत, वाचता येत नाहीत, बोलता येत नाही अशी माणसं असतातच. यासाठी आपल्याकडे तयार सोय आहे : झील. पोवाड्यात शाहीर सगळं कडवं म्हणतो आणि झीलकरी फक्त 'जी जी रं जी' करतात, पण ती झील पडली नाही तर पोवाडा उभा राहत नाही. आमचा व्हीलचेअरवरचा तरुण स्पष्ट बोलू शकत नाही. त्यानं स्वतः निवडलेल्या आवाजात, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या, 'जी रं जी' मोबाईलमध्ये भरून ठेवलंय आणि स्पीकरला जोडून बरोबर जागेवर तो बटण दाबतो. कधी मुद्दाम उशिरा दाबतो. सगळे हसतात, शाहीर वैतागतो.

पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेलीय त्यांना कधी कधी बोलताना न येणारे शब्द गाताना येतात, कारण गाण्याचं काम मेंदूच्या दोन्ही बाजू मिळून करतात. पण असं होईल असा शब्द कुणाच्या घरच्यांना देऊ नका.

गाण्याचे कागद मोठ्या ठळक अक्षरांत छापा, अठरा पॉइंटच्या खाली अक्षर नको, कागद पिवळसर असेल तर चकाकत नाही. संतांचे अभंग, ओव्या, भोंडल्याची गाणी यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली नसतील तर कार्यक्रमात वापरताना परवानगीचा प्रश्न येतो. आणि सगळीच गाणी देवाची नकोत. आमच्याकडे एसटीवर एक गाणं आहे, आम्हीच रचलेलं, त्यात कंडक्टरच्या पंचाचा आवाज एक आजी चिमट्यानं काढतात.

तासाभराचा क्रम

एक तास पुष्कळ. क्रम दर आठवड्याला तोच, फळ्यावर चित्रांसकट लिहिलेला, कारण पुढे काय येणार हे माहीत असलं की स्वमग्न मुलं शांत राहतात (आज्याही). पहिली दहा मिनिटं नावांचं गाणं : प्रत्येकाचं नाव सगळ्यांनी सुरात घ्यायचं, त्यानं आपल्या वाद्यावर उत्तर द्यायचं. मग पंधरा मिनिटं नुसता ताल. मग जुनं गाणं, चहा, नवं गाणं, शेवटी तेच ठरलेलं निरोपाचं.

तालाच्या वेळी 'थांब' आधी शिकवा, 'वाजव' नंतर. उघडा पंजा वर गेला की शांतता. अंध माणसासाठी त्याच वेळी पेटीवर एक ठरलेला सूर. पंजा वर करायचं काम दर वेळी वेगळ्याला द्या. त्या मुलीनं पहिल्यांदा गट थांबवला तेव्हा पुढची दोन मिनिटं तिनं हात खाली घेतलाच नाही.

खोलीच्या एका कोपऱ्यात दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवा, कान झाकायचे हेडफोन ठेवा. ज्याला जास्त होतंय तो तिथे जातो, त्याला कुणी 'काय झालं' विचारत नाही.

सोबतीला येणारी माणसं

आई-वडिलांनी मागच्या रांगेत बसू नये, गोलातच बसावं आणि वाद्य घ्यावं. मुलाचा हात धरून वाजवायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. हात धरला की वाजवणारी आई असते. काही आया यावर रागावल्या, एक जण यायची थांबली. मला वाईट वाटलं, पण नियम ठेवला. संडासला नेणं आपापल्या माणसानंच. लहान मुलांबरोबर कोणताही मोठा माणूस एकटा बंद खोलीत नको. फोटो काढण्याआधी ज्याचा काढायचा त्याला विचारा, मग पालकांना.

फिट आली तर वाद्यं बंद, आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला, डोक्याखाली दुपट्टा, झटके थांबले की कुशीवर. वेळ घड्याळात बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल तर नाहीच. चप्पल घेऊन धावत येणारा एक जण प्रत्येक गर्दीत असतो, त्याला पाणी आणायला पिटाळा.

पैसे, कागद आणि पहिला कार्यक्रम

पहिलं वर्ष नोंदणीच्या भानगडीत पडू नका. एक वही, त्यात जमा आणि खर्च, दर महिन्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. देणग्या येऊ लागल्या की मग १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करता येते, किमान सात सभासद लागतात. त्या सातांत अपंग सभासद हवेत, आणि सहीपुरते नकोत. व्हॉट्सॲपवर निरोप दोनदा टाका, एकदा लिहून, एकदा बोलून.

कार्यक्रमाची घाई करू नका. गणपतीत मंडळं बोलावतातच. जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या : रात्री दहाच्या आत संपणार ना, झगमगणारे दिवे बंद राहतील ना (फिट येणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो), आणि निवेदक काय बोलणार. तिसरी आम्ही पहिल्या वर्षी विसरलो. निवेदकानं 'देवानं ज्यांना कमी दिलं' असं सुरू केलं आणि आमच्या आजींनी तिथल्या तिथे चिमटा वाजवून त्यांना थांबवलं. आता निवेदन आम्हीच चार ओळी लिहून देतो, गाण्याचं नाव आणि वाजवणाऱ्यांची नावं.

स्टेजच्या पायऱ्या मोजायचंही राहिलं होतं. आठ निघाल्या. मंडळाची पोरं म्हणाली, खुर्चीसकट उचलून नेतो. तरुणानं मान हलवून नाही म्हटलं, तेव्हा आम्ही सगळेच खाली, स्टेजसमोर गोल करून वाजवलं. पुढच्या वर्षी त्यांनी आधी फोन करून विचारलं आणि फळी टाकली. उतार जरा जास्तच होता, पण एकास बारा म्हणजे काय हे आता त्यांच्या मांडववाल्याला माहीत आहे.